अपस्मार आणि मातृत्व : एका झाकलेल्या प्रश्नाचा इतिहास



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो संतसाहित्यावर किंवा बडोद्याच्या वाङ्मयीन परंपरेवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. ती बाजूला ठेवून मी आज वेगळा विषय घेतला आहे, आणि त्याचे कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईच आहेत. बाई मुलींना शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवीत. पुस्तकातील जे पाठ अन्यत्र ‘घरी वाचून या’ असे सांगून ओलांडले जात, ते त्या फळ्यावर आकृती काढून शिकवीत. रोगाचे नाव मोठ्याने उच्चारले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. हळू आवाजात घेतल्या जाणाऱ्या अशाच एका रोगाविषयी, आणि तो असलेल्या स्त्रीच्या गर्भारपणाविषयी व आईपणाविषयी, मी इतिहासाच्या अंगाने चार गोष्टी सांगणार आहे. मी वैद्य नव्हे. औषधांविषयी जे बोलेन ते जिज्ञासू वाचक म्हणून. कोणाला उपचाराची गरज असेल तर त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडेच जावे.

आरंभ शब्दांपासून करतो, कारण तेवढाच माझा अधिकार आहे. या रोगाला आपण फेफरे म्हणतो, आकडी म्हणतो, मिरगी म्हणतो. शिकलेल्या घरांत ‘फिट’ हा शब्द आला आणि त्याने बाकीच्यांना मागे सारले. आपले गुजराती शेजारी ‘वाई’ म्हणतात. ग्रंथातला शब्द अपस्मार. स्मृती दूर जाणे हा त्याचा अर्थ चरकसंहितेला अभिप्रेत आहे. त्या ग्रंथात या रोगाचे निदान आणि चिकित्सा अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि त्यांत वात, पित्त, कफ व त्रिदोष असे त्याचे चार प्रकार मानले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने या रोगाला शरीरात जागा दिली होती. तरीही घराघरांतून चप्पल हुंगवणे, कांदा फोडून नाकाशी धरणे, हातात चाव्यांचा जुडगा देणे हे चालूच राहिले, आणि अजूनही ते पुरते थांबलेले नाही. ग्रंथ एक सांगतो आणि ओसरीवर दुसरेच घडते, हे आपल्याकडे नवे नाही.

पण ग्रंथांनाही सगळेच श्रेय देता येत नाही. चरकाच्याच शारीरस्थानात गर्भिणीने काय करू नये याची एक यादी आहे, आणि तीत भांडखोर, कलहप्रिय गर्भवतीच्या पोटी अपस्मारी अपत्य जन्मते असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळातील कन्या वरू नये हे सांगताना क्षय, अपस्मार, कोड आणि कुष्ठ असलेली कुळे वर्ज्य ठरविली आहेत. ही दोन वचने शेजारी ठेवून पाहा. मुलगी रोगी असेल तर तिचे कूळच टाळायचे, आणि मूल रोगी निघाले तर गरोदरपणी आई भांडली असेल असे समजायचे. जावयाच्या स्वभावाची चौकशी या प्रकरणात कुठेच नाही. लग्नाच्या आधी वडिलांच्या कुळाने आणि लग्नानंतर स्वतःच्या वागण्याने, असा दोन्ही बाजूंनी बाईवर ठपका ठेवण्याची ही रीत पुढे वैद्यक बदलले, राज्ये बदलली, तरी टिकून राहिली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गर्भारपणी किंवा बाळंतपणाच्या वेळी स्त्रीला आचके येतात ते सारेच अपस्माराचे नसतात. ज्या स्त्रीला आयुष्यात कधी फिट आलेली नाही, तिला शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढून, अंगावर सूज येऊन आचके येऊ शकतात. वैद्यक त्याला एक्लॅम्प्सिया म्हणते. १८४३ साली लंडनच्या गाइज इस्पितळात जॉन लीव्हर या वैद्याने असे आचके येणाऱ्या स्त्रियांची लघवी तापवून पाहिली आणि तीत प्रथिन उतरते असे दाखवले; तेव्हापासून हा रोग अपस्मारापासून स्पष्टपणे वेगळा काढता येऊ लागला. त्याचे उपचारही वेगळे. १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या आणि १,६८७ स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत असे दिसले की, साधे, स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने पुन्हा आचके येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे अपस्मारावर चालणारे औषध येथे मागे पडले. आपल्या बोलीत मात्र दोन्हीला ‘फिट’ हा एकच शब्द, आणि त्यामुळे बाळंतपणात एकदाच आचके आलेल्या बाईलाही पुढे जन्मभर ‘तिला फिट येतात’ असे म्हटले जाते. शब्दांच्या गरिबीचा असा भुर्दंड बायकांनी भरलेला मी पाहिला आहे.

आता एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे येऊ. अपस्मारावरचे पहिले खरोखर गुणकारी आधुनिक औषध एका प्रसूतितज्ज्ञाच्या हातून आले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सर चार्ल्स लोकॉक हे व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतिवैद्य. ११ मे १८५७ रोजी लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत एडवर्ड सीव्हकिंग यांचा अपस्मारावरील निबंध वाचला गेला. (इकडे हिंदुस्थानात मेरठच्या शिपायांचे बंड होऊन तेव्हा एकच दिवस लोटला होता.) चर्चेत लोकॉक म्हणाले की, मासिक पाळीच्या सुमारास ज्यांना झटके येतात अशा चौदा-पंधरा स्त्रियांना मी पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एक वगळता सर्वांना गुण आला. हे औषध त्यांना का सुचले? ब्रोमाइडने पुरुषांची कामेच्छा मंदावते असे एका जर्मन लेखात त्यांच्या वाचनात आले होते. आणि स्त्रियांच्या झटक्यांचे मूळ गर्भाशयात व कामवासनेत आहे, ही त्या काळची समजूत होती. तर्क चुकीचा, औषध मात्र बरोबर निघाले. वैद्यकाच्या इतिहासात असे योग येतात. पण ब्रोमाइडबरोबर तो तर्कही टिकला, आणि फिट येणारी मुलगी म्हणजे लग्न झाले की बरी होणारी मुलगी हा समज त्याने आणखी घट्ट केला. आपल्याकडे या समजाला लोकॉकसाहेबांची गरज नव्हती, तो आधीपासूनच होता. ‘एक मूल झाले की आपोआप थांबेल’ असे सांगून किती मुली उजवल्या गेल्या असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

तिकडे पश्चिमेत याच सुमाराला दुसऱ्या टोकाचे विचार जोर धरू लागले : अशा स्त्रीने आई होताच कामा नये. १८९५ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्याने कायदा केला की, वधू पंचेचाळीस वर्षांखालील असेल तर अपस्मारी किंवा मंदबुद्धी व्यक्तीने विवाह करू नये, केल्यास कारावास. वयाची ती मर्यादाच कायद्याचा हेतू सांगते. संसाराला कोणाची हरकत नव्हती, संततीला होती. पुढे इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला आणि सक्तीच्या नसबंदीपर्यंत मजल गेली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुण मातेच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिला ठेवले होते ती संस्था व्हर्जिनियाची ‘अपस्मारी व मंदबुद्धींची वसाहत’. कॅरीला अपस्मार नव्हता, आणि ती मंदबुद्धीही नव्हती असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या राजवटीने आनुवंशिक रोगांच्या नावाखाली नसबंदीचा जो कायदा केला, त्याच्या यादीत अपस्माराचे नाव होते. आणि १९१२ साली फेनोबार्बिटोन हे आजही गरिबांच्या उपयोगी पडणारे औषध अपस्मारासाठी पहिल्यांदा वापरणारे आल्फ्रेड हाउप्टमान हे जर्मन वैद्य ज्यू होते. त्याच राजवटीने त्यांना देशोधडीला लावले.

हे वारे मराठी मुलखाला लागलेच नाही असे समजू नका. ‘सुप्रजाजनन’ हा शब्द त्या काळच्या मराठी नियतकालिकांतून सर्रास भेटतो. ज्यांच्या ललित गद्याचे उतारे आपण शाळेत पाठ केले ते प्राध्यापक ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी, असे आवाहन त्याच्या उपशीर्षकातच आहे. त्याच वर्षी जुलैत र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले. कर्व्यांच्या धैर्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. स्त्रीला मूल हवे की नको हे तिने ठरवावे, ही बाजू मराठीत त्यांच्याइतक्या स्पष्टपणे कोणी मांडली नव्हती. पण ‘चांगली प्रजा’ कोणती हे सांगण्याचा मोह त्या पिढीच्या पुष्कळ सुशिक्षितांना झाला, आणि चांगल्या प्रजेच्या व्याख्येत फिट येणारी मुलगी बसणे शक्यच नव्हते.

आपल्या कायद्याची हकीकत तर विलक्षण आहे. इंग्लंडच्या १९३७ च्या विवाहविषयक कायद्यात असे कलम होते की, विवाहाच्या वेळी एका पक्षाला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत असतील तर तो विवाह रद्द करवून घेता येईल. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात हे नव्हते. तेथे विवाहसमयी वधू-वरांपैकी कोणी जडबुद्धी वा वेडा नसावा, एवढीच अट होती. इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने अपस्माराचे कारण काढून टाकले. आणि आपण? त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ च्या दुरुस्तीने, हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात नेमके तेच कलम घातले. शब्दरचनाही जवळजवळ तीच, ‘फिट्स’च्या जागी ‘अटॅक्स’ एवढाच फरक. मूळ धन्याने फेकून दिलेला अंगरखा आपण अंगावर चढवला. मराठी कायदापुस्तकांत अशा विवाहाला ‘शून्यकरणीय’ असा भारदस्त शब्द आहे. न्यायालयात जाऊन शून्य करून घेता येण्याजोगा, असा त्याचा अर्थ. कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होते हे खरे. फिट येणाऱ्या मुलाचे आईवडीलही लपवाछपवी करीतच. पण टाकलेला पुरुष पुन्हा बोहल्यावर चढू शकत असे; टाकलेल्या बाईचे काय होई ते या सभेला सांगण्याची गरज नाही.

१९८० नंतरच्या दशकातील एक हकीकत सांगतो. ती मुलगी एम. ए. ला माझी विद्यार्थिनी होती. नाव-गाव सांगत नाही. बाराव्या वर्षापासून तिला फिट येत, गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या. लग्न ठरताना आईवडिलांनी ते सांगितले नाही. सासरी ती गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवी आणि सगळे झोपल्यावर घेई. दिवस गेले तेव्हा, औषधाने बाळाला अपाय होईल या धास्तीने, तिने मनानेच गोळ्या सोडल्या. विचारणार कोणाला? सासरच्या डॉक्टरांना विचारावे तर फुटेल, माहेरी जावे तर निमित्त नाही. पाचव्या महिन्यात स्वयंपाकघरात मोठी फिट आली, हात भाजला, आणि सगळे उघड झाले. ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. विवाह रद्द करावा म्हणून आलेल्या अर्जाची प्रत घेऊन ती माझ्याकडे आली होती. वेड आणि अपस्मार ही दोन्ही नावे एकाच ओळीत पाहून, ‘सर, ह्यात माझा नंबर कुठला?’ असे तिने विचारले. सातव्या महिन्यापासून ती पुन्हा नियमित औषधावर होती. मुलगा सुखरूप जन्मला. विवाह रद्द झाला तरी कायद्याच्या सोळाव्या कलमाने मूल औरसच राहिले. म्हणजे मुलाचे नाते कायद्याने जपले आणि त्याच्या आईचे पुसले. पुढे तिने शाळेत नोकरी केली, मुलाला शिकवले.

हे कलम १९९९ साली गेले. त्या वर्षीच्या ३९ क्रमांकाच्या दुरुस्ती कायद्याने दोन्ही कायद्यांतून ‘किंवा अपस्मार’ एवढे शब्द वगळले. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. आज आपल्याकडे फिट येते एवढ्याच कारणाने कोणाचाही विवाह रद्द होत नाही. परंतु कायदा बदलल्याचे घरोघर कळलेले नाही. वधू-वर मेळाव्यांत या रोगाचे नाव अजून कोणी घेत नाही. पुण्यात ‘संवेदना’ हा स्वमदत गट अपस्मार असलेल्यांच्या विवाहासाठी मुद्दाम प्रयत्न करीत आला आहे. तेथे रोग आधी सांगितला जातो आणि मग पत्रिका पाहायची तर पाहिली जाते. मला हा क्रम योग्य वाटतो.

माझ्या विद्यार्थिनीला वाटलेली धास्ती निराधार होती का? नाही, आणि याच ठिकाणी हा इतिहास गुंतागुंतीचा होतो. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन आणले. तेच आपल्याकडे ‘एप्टॉइन’ म्हणून घरोघर पोचले. १९६२ साली फ्रान्समध्ये एका संशोधनात केवळ द्रावक म्हणून वापरलेले व्हॅल्प्रोइक ॲसिड स्वतःच झटके थांबवते असे योगायोगाने आढळले, आणि १९६७ पासून ते तेथे औषध म्हणून विकले जाऊ लागले. ही औषधे कोट्यवधींना सुखाचे जिणे देऊन गेली. पण नाळेतून ती गर्भापर्यंत पोचतात, आणि तेथे काय करतात हे पाहण्याची दृष्टी वैद्यकाला थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर, म्हणजे १९६१ नंतर आली. १९६८ साली रॉय मेडो या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून फिटवरील औषधे घेणाऱ्या मातांच्या बाळांत दुभंगलेले ओठ व टाळू दिसतात, इतरांनाही असे आढळले आहे काय, अशी पृच्छा केली. १९८२ साली फ्रान्समधील लियाँ येथे एलिझाबेथ रोबेर यांनी जन्मव्यंगांच्या नोंदवहीवरून दाखवले की, कणा दुभंगलेल्या बाळांच्या मातांमध्ये व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे.

या दोन्ही शोधांत प्रयोगशाळा नव्हती. कोणीतरी नोंदी ठेवल्या, कोणीतरी त्या वाचल्या, आणि आईला ‘तू कोणते औषध घेत होतीस?’ असे विचारले. प्रश्न साधा, पण तो विचारायला शंभर वर्षे लागली. लोकॉकच्या ब्रोमाइडनंतर अशा स्त्रीने लग्न करावे की नाही, मूल होऊ द्यावे की नाही यावर न्यायाधीश बोलले, खासदार बोलले, प्राध्यापकही बोलले. तिचे गर्भारपण प्रत्यक्षात कसे पार पडते हे मोजायला मात्र कोणी बसले नव्हते.

ती मोजणी विसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीर सुरू झाली. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी १९९८ साली केरळची अपस्मार व गर्भावस्था नोंदणी सुरू केली. युरोपात १९९९ मध्ये ‘युरॅप’ ही आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू झाली आणि पुढे केरळची नोंद तीत सामील झाली. या नोंदींतून निघालेली पहिली गोष्ट अशी की, अपस्मार असलेल्या दहापैकी नऊहून अधिक मातांच्या बाळांत कोणतेही मोठे जन्मव्यंग नसते. १९२७ साली न्यायासनावरून जे बोलले गेले आणि १९७६ साली आपल्या संसदेने जे केले, त्याला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. २०१८ साली युरॅपने ७,३५५ गर्भारपणांचा हिशेब मांडला. मोठ्या व्यंगाचे प्रमाण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत १०.३ टक्के, फेनोबार्बिटोनवर ६.५, फेनिटॉइनवर ६.४, कार्बामॅझेपिनवर ५.५, आणि लॅमोट्रिजिनवर २.९, लेव्हेटिरासिटामवर २.८. एरवीच्या बाळंतपणातही हे प्रमाण दोन-तीन टक्के असतेच, म्हणजे शेवटची दोन औषधे त्याच्या अगदी जवळ आहेत. व्हॅल्प्रोएटचा धोका मात्रेबरोबर वाढतो, आणि तो व्यंगापुरता नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-ब्रिटिश अभ्यासात गर्भावस्थेत या औषधाचा संपर्क आलेल्या मुलांचा बुद्ध्यंक तिसऱ्या वर्षी लॅमोट्रिजिनच्या मुलांहून नऊ गुणांनी कमी भरला. ही माहिती वैद्यकाच्या मासिकांत येत होती त्या काळातही हजारो स्त्रिया औषध घेतच होत्या आणि त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. फ्रान्समध्ये २०११ साली अशा मुलांच्या मातापित्यांनी संघटना काढली. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या चौकशीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला आणि त्यात या स्त्रियांचे कोणी ऐकले नाही असे स्वच्छ म्हटले आहे. आपल्याकडे सासूपासून गोळी लपते, तिकडे गोळीचा धोका बाईपासून लपला. दोन्हीकडे सोसायचे तिनेच.

तिसरी गोष्ट काळाची आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळी चुकली हे लक्षात येऊन बाई दवाखान्यात जाते तोवर ते काम बहुधा आटोपलेले असते. फॉलिक ॲसिडने मज्जानलिकेची व्यंगे टळतात हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध झाले, पण ते गर्भ राहण्यापूर्वी सुरू करावे लागते. औषध बदलायचे तर तेही आधी. म्हणजे जिला आपला रोग सांगताच येत नाही, तिच्यासाठी ही सारी विद्या कपाटात बंद असल्यासारखीच. आणि दिवस गेल्यावर घाबरून औषध अचानक सोडणे हा तर सर्वांत घातक मार्ग. मोठ्या फिटमध्ये पडून इजा होते, गर्भाला प्राणवायू कमी पडतो. क्वचित झोपेतच आईचा अकस्मात मृत्यू होतो, आणि ब्रिटनमधील मातामृत्यूंच्या चौकशीत असे मृत्यू वारंवार आढळले आहेत. नियमित औषध घेणाऱ्यांचे चित्र याहून पुष्कळ बरे आहे. युरॅपच्या नोंदीत सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांना संपूर्ण गर्भारपणात एकही फिट आलेली नाही. लॅमोट्रिजिनसारख्या औषधाची रक्तातील पातळी मात्र पोट वाढते तशी उतरते आणि बाळंतपणानंतर झपाट्याने चढते. म्हणून मात्रा तज्ज्ञाकडून वेळोवेळी ठरवून घ्यावी लागते.

राहिले बाळंतपण. येथे आपल्या घरातील रीतीभातींकडे थोडे बारकाईने पाहावेसे वाटते. अपस्माराला झोपमोड सोसत नाही, उपास सोसत नाही, चुकलेली गोळी तर मुळीच सोसत नाही. आणि आपल्या स्त्रीजीवनाचे वर्षच मुळी जागरणांनी आणि उपासांनी विणलेले. हरतालिकेला निर्जळी उपास आणि रात्रभर जागरण. पाण्याचा घोट नाही म्हणून गोळीही नाही. बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून दिवा तेवत ठेवून घर जागते. बाळाला आचके आले की पुन्हा त्याच सटवाईचे नाव. सुश्रुतानेही बालग्रहांच्या यादीत ‘स्कंदापस्मार’ सांगितला आहेच. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची चाल होती. फिट येणाऱ्या बाईच्या खाटेखाली निखारे म्हणजे काय, याचा विचार करा.

पण सगळेच टाकाऊ नाही. विलायतेत अशा मातांसाठी ज्या सूचना छापतात त्यांत असते : बाळाला जमिनीवर बसून पाजावे व कपडे बदलावेत, उंच टेबल वापरू नये, एकटीने टबात न्हाऊ घालू नये, रात्रीचे एखादे पाजणे दुसऱ्या कोणी सांभाळावे म्हणजे आईला सलग झोप मिळेल. आपल्या आज्या पाय पसरून पाटावर बसत, बाळाला पायांवर उपडे घेऊन न्हाऊ घालीत, शेजारी तांब्याने पाणी ओतायला दुसरी बाई असे. पहिलटकरीण माहेरी येई आणि सव्वा महिना तिची आई रात्री बाळ घेऊन बसे. हे कोणी अपस्मारासाठी योजलेले नव्हते, तरी त्या स्त्रीला याहून सोयीची व्यवस्था सापडणे कठीण. त्यासाठी एवढेच हवे की, घरातल्या त्या दुसऱ्या बाईला रोगाचे नाव माहीत असावे, फिट आली तर कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवावी हे तिला कळावे. अंगावर पाजण्याविषयीची भीतीही पुष्कळशी निराधार ठरली आहे. मघा सांगितलेल्या अभ्यासात अंगावर प्यालेल्या मुलांना औषधामुळे काही तोटा झालेला दिसला नाही. उलट सहाव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक न प्यालेल्यांहून थोडा अधिकच भरला.

बाईंच्या वेळच्या आरोग्याच्या पुस्तकात अपस्मारावर अवघ्या चार ओळी होत्या, असे त्यांच्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले. बाई त्या चार ओळींना एक तास घेत, आणि तास संपताना वर्गातल्या मुलींना कुशीवर कसे वळवायचे ते एकमेकींवर करून दाखवायला लावीत.